यांच्या मनगटावरचा चहाडखोर

आमच्या यांच्या डाव्या मनगटावर लग्नाच्या आधीपासून एक उशी आहे. टाचण्यांची. लिंबाएवढी, आत भुसा भरलेली आणि पट्ट्यानं बांधलेली. उजव्या हातात कात्री आणि डाव्या मनगटावर टाचण्या, हे कुठल्याही शिंप्याला शिकवावं लागत नाही. आमच्या चिरंजिवांना मात्र ते समजावून सांगावं लागलं, आणि सांगूनही काही उपयोग झाला नाही. कारण त्यांनी आणलेलं घड्याळ डाव्याच मनगटावर बसायचा हट्ट धरून आलं होतं.

घड्याळ म्हणायचं आपलं. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, काळजाचे ठोके मोजतं आणि मोजलेलं सगळं तिकडे मुलाच्या फोनवर नेऊन ओततं. आमच्या गल्लीत इकडचं तिकडे करणाऱ्या एक बाई आहेत, पण त्या निदान चहा होईपर्यंत दम धरतात. हे तेवढंही थांबत नाही. मी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चहाडखोर ठेवलं.

तो घरात आला त्याला कारण झालं होतं. एका दुपारी हे कापायच्या टेबलाशी उभ्या उभ्या खाली बसले. बसले हा यांचा शब्द. मी पाहिलं ते कोसळणं होतं. मी स्टुलावर बसून एका कोटाला बटणं लावत होते. मान वर केली तर टेबलामागे माणूसच नाही. माणूस टेबलाखाली, तोंड पांढरंफटक आणि डोळे सताड उघडे. मी आधी यांच्या तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मग पाणी मारलं. दुकानाचं शटर ओढलं आणि तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "काही सापडत नाहीये. जेवण वेळेवर घ्या, तासन्‌तास उभे राहू नका. आणि वहिनी, तुम्ही जरा लक्ष ठेवा." लक्ष ठेवा म्हणजे नेमकं काय करा, हे डॉक्टर कधी सांगत नाहीत.

तोंडातल्या टाचण्यांचं सांगायला हवं. उशीवरच्या टाचण्या म्हणजे साठा. चालू कामाच्या टाचण्या हे ओठांत धरतात. त्यामुळे दिवसाउजेडी या माणसाचं तोंड मोकळं असं मी फारसं पाहिलेलं नाही. यांची भाषा तीन आवाजांची आहे. 'हं' म्हणजे हो, 'अंहं' म्हणजे नाही, आणि तिसरा एक आवाज आहे तो फक्त मला कळतो, त्याचा अर्थ 'आता पुरे कर'. या तीन आवाजांवर आमचा संसार झाला, मुलगा शिकला, नोकरीला लागून परगावी गेला आणि त्याचं लग्नही झालं. बाकीचं सगळं बोलणं माझ्याकडे आलं. ते मी निभावते आहे.

तर चिरंजीव बातमी कळताच धावत आले. आल्या आल्या म्हणाले, "बाबा, पुरे झालं आता. दुकान बंद करा आणि आमच्याकडे चला. तुमची खोली तयार आहे."

"अंहं," हे म्हणाले.

"अहो, पण परत असं झालं तर?"

"अंहं."

मुलगा माझ्याकडे वळला. मी काय बोलणार? दुकान म्हणजे काय ते मला ठाऊक. रस्त्याकडे तोंड करून उभा केलेला एक बोळ. पुढे कापायचं टेबल, मधे दोन पायमशीन, भिंतीला ट्रायलचा उंच आरसा आणि मागच्या अंगाला वर लाकडी माळा. टेबल यांचं. माळा माझा, कारण यांचा गुडघा धरतो. तयार कपडे, अस्तरांचे तागे, बटणांचे डबे, कुठल्या पिशवीत कुणाची पँट आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हे सगळं बंद करून या माणसाला मुलाच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं तर तो करील काय? चार दिवस पडद्यांची टोकं दुमडून देईल. मग पडदे संपतील. मग मला त्याच्याकडे बघवणार नाही.

पण टेबलाखालचं ते पांढरं तोंडही मला बघवलं नव्हतं. मी कुठल्या बाजूची, हे माझं मलाच सांगता येईना.

शेवटी मुलानं खिशातून खोकं काढलं. "ठीक आहे. मग एक महिना हे घाला. दिवसरात्र. ठोके नीट राहिले तर मी दुकानाचं नाव परत काढणार नाही. ग्राफ वेडावाकडा झाला तर दुकान बंद. कबूल?"

यांनी टेबलाकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाले.

चिरंजीव खूश होऊन गेले. आणि ते घड्याळ दुसऱ्या दिवशी बटणांच्या ड्रॉवरमध्ये पडलं.

"अहो, तुम्ही शब्द दिलाय त्याला."

यांनी डावं मनगट वर करून मला उशी दाखवली. जागा भरलेली आहे, असं म्हणायचं होतं.

"मग उशी उजवीकडे बांधा."

यांनी असं पाहिलं की जणू मी यांना डोकं दुसऱ्या खांद्यावर बसवायला सांगितलं. तीन दिवस आमची ही झटापट चालली. एकदा घड्याळ उशीच्या वर, पार कोपरापाशी बांधून झालं. तिथे त्याला ठोके सापडेनात. मग यांना युक्ती सुचली आणि ते यांनी पायाच्या घोट्याला बांधलं, वर मोजा ओढला आणि पायमशीनवर बसले. एका मोठ्या पडद्याची लांबलचक शिलाई होती. दुपारी मुलाचा फोन आला, आवाजात धाप.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"इथेच, समोर बसलेत."

"बसलेत? अगं ते सकाळपासून पळताहेत! आत्तापर्यंत पुढच्या गावी पोचले असतील!"

मी फोन यांच्या पायाकडे वळवून त्याला मशीन दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "मनगटावर, आई. प्लीज."

मग मीच उठले. यांची उशी सोडून उजव्या मनगटावर बांधली आणि डाव्यावर चहाडखोर चढवला. त्यानंतरचे दोन दिवस हे टाचणी घ्यायला सवयीनं डाव्या मनगटाकडे हात नेत आणि काचेवर टकटक करत. घड्याळ त्याला हुकूम समजून काहीतरी गाणं वाजवायला लागे. तिसऱ्या दिवशी हे एका वकिलाच्या कोटाचं महागडं कापड कापत होते. कात्री अर्ध्यात आली आणि मनगटावरचं घड्याळ थरथरलं. वर पाटी उमटली, "बराच वेळ बसून आहात. उठा, जरा चाला."

"उभा आहे ना मी!" हे घड्याळावर ओरडले. टाचण्या कापडभर उधळल्या. इतकं लांब वाक्य मी यांच्या तोंडून दिवसाढवळ्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कोटाची बाही थोडक्यात वाचली. मला हसू आवरेना आणि हे संध्याकाळपर्यंत माझ्याशी तिसऱ्याच आवाजात बोलत होते.

रविवारी ठरल्याप्रमाणे मुलाचा फोन आला. झोप छान, सकाळचे ठोके छान, दुपारचे छान. "पण आई, संध्याकाळी काय होतं दुकानात?"

"काय होणार? गिऱ्हाईकं येतात. लोक कामावरून सुटले की कपडे न्यायला येतात. एकच धांदल."

"रोज संध्याकाळी ठोके एकदम वर जातात. मिनिटभर, आणि मग खाली. असं दोनदा, तीनदा. ग्राफवर सुळके दिसताहेत नुसते."

मी यांच्याकडे पाहिलं. हे समोर इस्त्री करत होते. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मुलानं ते सगळं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "कशामुळे होतं ते शोधा. कारण सापडलं तर घाबरायचं काही नाही. काही कारण नसताना असं होत असेल, तर मात्र मला बघावं लागेल." आणि चिरंजिवांनी त्यावर आपलं शेपूट जोडलं. महिना संपायच्या आत कारण सापडलं नाही तर दुकान बंद. यावर चर्चा नाही.

आता आली का पंचाईत? मी यांना विचारलं, "अहो, संध्याकाळी तुम्हाला काही होतं का? छातीत? धडधड?"

"अंहं."

"मग कशानं होतं हे?"

यांनी खांदे उडवले आणि इस्त्रीवर पाणी शिंपडलं. म्हणजे शोधायचं मीच.

संध्याकाळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा कोण आलं असेल तर गाणंवाल्या बाई. या बाई गाण्याचे वर्ग घेतात आणि स्टेजवर गातात. त्यांचा एक पायघोळ झगा आमच्याकडे शिवायला होता. त्या संध्याकाळच्या येत. आल्या की "मास्तर, जरा खांद्यात बघा ना," असं सुरात म्हणत, आणि हे टाचण्या लावताना त्या अगदी हळू आवाजात काहीतरी आळवत उभ्या राहत. मी काही संशयी बाई नाही. पण या वयातसुद्धा काळीज हे काळीजच, आणि कारण तर मला शोधायचंच होतं. काय गंमत बघा, दुकान वाचवायचं असेल तर माझा नवरा त्या बाईंवर भाळलेला निघणं फायद्याचं होतं.

मी ट्रायलचा आरसा हलवला. तो जिथे होता तिथे त्यात माझ्या स्टुलावरून काही दिसत नसे. मी तो फिरवून असा लावला की टेबल आणि टेबलामागचे हे, दोन्ही मला मान वर न करता बसल्या जागी दिसावेत. यांनी भुवया वर केल्या. "उजेड चांगला येतो," मी म्हटलं.

मग बाईंना मी मुद्दाम सकाळी बोलावून घेतलं. झगा मशीनपाशीच टांगलेला होता. बाई आल्या, उभ्या राहिल्या, त्यांनी आळवलं, वर एकदा पूर्ण आवाजात तान घेतली. हे आपले टाचण्या लावताहेत. मी यांच्या मनगटावर डोकावून बघितलं. आकडा ढिम्म. झोपलेल्या माणसाचा असतो तसा. उलट त्या दिवशी संध्याकाळी बाई फिरकल्याही नाहीत, तरी तीन सुळके आल्याचं मुलानं कळवलं.

गाणंवाल्या बाई सुटल्या. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बाईंसाठी थोडं वाईटही वाटलं. इतकी सुंदर तान होती.

मग मला बहिणीकडे जावं लागलं. तिच्या घराची रंगरंगोटी निघाली होती आणि तिला सामान हलवायला कुणीतरी रागावणारं माणूस हवं होतं. मी सकाळी गेले ती झोपायलाच परत आले. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. आवाज कसा, खजिना सापडल्यासारखा.

"आई, काल काय वेगळं केलं बाबांनी? काल एकही सुळका नाही! पूर्ण दिवस सपाट!"

"काल? काल मी मावशीकडे गेले होते."

चिरंजीव फार जपून म्हणाले, "आई... तू संध्याकाळी बाबांना खूप बोलतेस का गं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे मी! सगळा जन्म या दुकानात घालवला, बोटांची चाळण करून घेतली, आणि यांच्या काळजाला त्रास देणारं कारण शोधायला गेलं तर ते मीच निघाले? आणि मी घराबाहेर पडले की काळीज मजेत लोळत पडतं?

"काल संध्याकाळी काय केलंत हो?" मी यांना विचारलं.

यांनी कात्री दाखवली. कापत होतो.

"आणि माळ्यावरचं कुणी न्यायला आलं नाही?"

यांनी हातानं खूण केली. आले होते, उद्या या म्हणून सांगितलं.

मला रडूच आलं. पण कारण मी असेन तर ते सिद्ध तरी झालं पाहिजे. दुकानाचा प्रश्न होता. म्हणून मी एक दिवस गोड वागायचं ठरवलं. कोण म्हणतं गोड वागणं सोपं आहे? यांनी चहा थंड करून टाकला, मी काही बोलले नाही. यांनी खडू माझ्या स्टुलावर ठेवला आणि मी त्यावर बसले, तरी काही बोलले नाही. एका गिऱ्हाइकाला यांनी ठरल्यापेक्षा आधी कपडे द्यायचं कबूल केलं, तेव्हा मी जीभ चावली पण गप्प राहिले. हे दुपारपासून माझ्याकडे चोरून बघायला लागले. "बरं वाटत नाहीये का?" असं शेवटी टाचण्या काढून विचारलंही. संध्याकाळी सुळके आले ते आलेच. वर मुलगा म्हणाला, त्या दिवशी दुपारीही थोडे होते. म्हणजे माझ्या गोडव्यानं यांना धडकी भरली होती.

आता महिना सरत आला होता. माझ्याजवळ एकही कारण उरलं नव्हतं. विनाकारण होत असेल तर, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी बटणं उलटी लावली, उसवली, परत लावली. दुकान जाईल याची भीती होतीच, पण दुकानापेक्षाही मोठी भीती आता माझ्या मानगुटीवर बसली होती. तिचं नाव मी मनातसुद्धा घेत नव्हते.

त्या संध्याकाळी बँकेतला एक कारकून आपल्या पँटी न्यायला आला. मी नेहमीप्रमाणे शिडी माळ्याला टेकवली आणि वर चढले. पिशवी मागच्या कोपऱ्यात गेली होती. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून मी ती ओढत होते आणि सहज मान वळली. समोर आरसा. मीच फिरवून ठेवलेला. त्यात टेबल दिसत होतं आणि टेबलामागचे हे.

यांनी कात्री खाली ठेवली होती. कारकून काहीतरी विचारत होता, त्याच्याकडे यांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात पुढे आलेले, तळवे वर. लहान मूल पहिल्यांदा उभं राहून चालायला लागतं तेव्हा आपण कसे उभे राहतो, अगदी तसे. नजर माझ्या टाचांवर आणि ओठ घट्ट मिटलेले.

मी तशीच थांबले. मग, मला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी मुद्दाम जरा जास्त वाकले आणि एक पाय पायरीवरून उचलला. आरशात हे टेबलाला वळसा घालून पुढे आले. दुखरा गुडघा विसरून आले. मी पाय परत टेकवला. हे थांबले. मी पिशवी घेऊन खाली उतरायला लागले तसे पावलं न वाजवता मागे सरकले, आणि माझे पाय जमिनीला लागले तेव्हा टेबलापाशी उभे राहून कापड कापत होते, जणू सकाळपासून तिथून हललेच नाहीत. इतकी वर्षं हे असं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. शिडीवरच्या माणसाची पाठच असते ना दुकानाकडे.

कारकुनाला मी पँटी देऊन वाटेला लावलं. मग यांचं मनगट पकडलं. आकडा अजून खाली यायचा होता.

"हे काय आहे?"

"हं."

"हं नाही चालायचं. टाचण्या काढा तोंडातल्या."

यांनी एकेक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मला वाटलं, संपतच नाहीत आता.

"तू वर चढतेस तेव्हा होतं," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"माळा बांधला तेव्हापासून."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम दोनदा चढली असतीस."

ते खरं होतं. आत्ताच तर पाय उचलून दाखवला होता मी. माझे डोळे भरून आले. इतका राग आला होता, इतकं बरं वाटत होतं आणि इतकी लाज वाटत होती की यातलं आधी काय करावं तेच समजेना. म्हणून कारकुनाच्या पँटींची पावती फाडायची राहिली यावरून मी स्वतःवरच ओरडले.

कारण सापडलं. आता ते मुलाला सांगायचं कोणी? रविवारचा फोन म्हणजे स्पीकरवर असतो, सूनबाई शेजारी बसलेल्या असतात. पोटच्या मुलाला आईनं काय सांगायचं, की तुझ्या बापाचं काळीज माझ्यासाठी उड्या मारतं? मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते. चहा जास्त होतो, असं सांगावं तर डॉक्टर चहा बंद करतील आणि सुळके तसेच राहतील. शेवटी फोन आला आणि मी सुरुवात केली.

"सापडलं बरं का. तुझ्या बाबांना ना, उंचीची भीती वाटते."

"उंचीची? पण बाबा शिडी चढतच नाहीत."

"नाही चढत. ते खालीच असतात."

"मग भीती कसली?"

"उंचीचीच. पण खालून."

"आई, नीट सांग ना गं."

माझे कान तापले. हे उठून आले, माझ्या हातातून फोन घेतला. तोंडात टाचणी नव्हती.

"तुझी आई माळ्यावर चढते," हे म्हणाले, "तेव्हा मला भीती वाटते. ती उतरली की जाते. एवढंच आहे."

तिकडून सूनबाईंचा "अय्या!" ऐकू आला. चिरंजीव म्हणाले, "रोज, बाबा?"

"रोज."

"मग मी... डॉक्टरांना काय सांगू?"

"हेच सांग."

मुलगा हसला. म्हणाला, "ठीक आहे. दुकानाचं नाव काढणार नाही मी. पण आई, तू शिडी चढणं बंद कर. आणि बाबा, काढा आता ते घड्याळ. तुमचं झालं. आईच्या हातात घाला, एक महिना तिचंही बघू."

यांनी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे घड्याळ सोडलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. ते माझ्यापुढे धरलं.

"मला नको," मी म्हटलं.

"का?"

"माझं मनगट बारीक आहे. सैल होईल."

"दोन भोकं आत पाडून देतो." आणि माप घ्यायला यांनी माझं मनगट हातात धरलं.

मी हात ओढला. खरं कारण मनगटाचं नव्हतंच. हे खाली पडले त्या दुपारपासून माझं काळीज एक दिवस जागेवर नव्हतं. हे खुर्चीवरून उठले की धावायचं, हे न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले की धावायचं, हे शांत झोपलेले दिसले तरी धावायचं. माझ्या ग्राफवर सुळके आलेच नसते. सुळका दिसायला दोन्हीकडे सपाट जागा लागते, आणि तशी जागा माझ्याकडे एकही उरली नव्हती. मुलानं ते पाहिलं असतं तर दुकान दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं. म्हणून मला ते घड्याळ नको होतं.

पण यांनी हात सोडला नव्हता. सगळा जन्म मापं घेण्यात गेलेली बोटं ती. ती मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकान बंद करूया का आपण?"

कोसळल्यावर नाही, मुलानं विनवल्यावर नाही, आणि आता माझ्या मनगटाला बोटं लावून हे दुकान सोडायला निघाले होते.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "उद्या त्या वकिलाचा कोट द्यायचाय. कॉलर राहिलीय अजून."

"हं," हे म्हणाले. पण बोटं यांनी काढून घेतली नाहीत, आणि मीही परत हात ओढला नाही.